लाल दोऱ्याची किल्ली

रविवारी सकाळी दहा वाजून दहा मिनिटांनी मी कुलपात अडकले. पाव फेरा फिरले आणि तिथेच थांबले. पुढे जाता येईना, मागे येता येईना.

दारासमोर चार माणसं उभी होती. घराचे मालक, त्यांची धाकटी बहीण, एक दलाल आणि दलालाने आणलेलं गिऱ्हाईक, म्हणजे एक टायरचे व्यापारी. मालकांनी मला उजवीकडे पिळलं, डावीकडे पिळलं, शेवटी दाराला खांदा लावून पाहिला. टायरवाले जिन्याच्या कठड्याला टेकून हे सगळं बघत होते. मग शांतपणे म्हणाले, "साहेब, घर तुमचंच आहे ना? नाही, आपलं विचारून ठेवलेलं बरं."

दलाल हसला. मालकांचे कान लाल झाले.

मित्रांनो, मी एक जुनी पितळी किल्ली आहे आणि त्याच दाराची आहे. माझ्या अंगावर जो क्रमांक कोरला आहे, तोच त्या कुलपावरही आहे. मग मी अडकले कशी, हे सांगायचं तर थोडं मागे जावं लागेल. त्यात माझ्या जुळ्या बहिणीचा विषय पुन्हा पुन्हा निघेल आणि दर वेळी माझा आवाज जरा बदलेल. तेवढं सांभाळून घ्या.

आम्ही दोघी कुलपांच्या एका कारखान्यात, पितळेच्या एकाच पट्टीतून जन्मलो. एकाच यंत्राने आमचे दाते कापले. एकाच तारेत ओवून आम्हाला कुलपाबरोबर डबीत भरलं. तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांच्या दाराला ते कुलूप बसलं. खाली सायकल दुरुस्तीचं दुकान होतं, समोर एक उंच पाण्याची टाकी. घर ज्या बाईंनी घेतलं, त्यांना मी आई म्हणते, कारण घरात सगळे तेच म्हणायचे.

आई एका मोठ्या इस्पितळाच्या धुलाईखान्यात कामाला होत्या. तिथला एक नियम त्यांच्या हाडीमाशी भिनला होता. धुऊन आलेली चादर नेहमी गठ्ठ्याच्या तळाशी ठेवायची आणि वापरायला वरची काढायची. म्हणजे सगळ्या चादरींना सारखं काम आणि सगळ्यांना सारखी विश्रांती. तसं केलं नाही, तर वरच्या दोन चादरी फाटून जातात आणि तळाच्या घडीतच पिवळ्या पडतात. आई घरातही हेच करायच्या. ताटं, टॉवेल, चपलांचे जोड, सगळं आळीपाळीने. मुलं चेष्टा करायची, की आई झोपतानासुद्धा एक दिवस डावी कूस आणि एक दिवस उजवी कूस वापरते.

आम्ही ओळखू यावं म्हणून आईंनी माझ्या गळ्यात लाल दोरा बांधला आणि बहिणीच्या गळ्यात निळा. एक वर्ष मी त्यांच्या कनवटीला, बहीण फडताळात. पुढच्या वर्षी उलटं.

मुलं मोठी झाली. मुलाने दुसऱ्या वस्तीत ऐसपैस घर घेतलं आणि आईंना तिकडे नेलं. मुलगा बस आगारात गाड्यांच्या वेळा लिहायचा. धाकटी बहीण त्याला दादा म्हणते, म्हणून मीही दादाच म्हणते. त्या बहिणीला सगळे धाकटी म्हणतात, तिचे केस पिकले तरी. ती परगावी भाड्याच्या घरात राहते.

आईंनी तिसऱ्या मजल्यावरचं घर भाड्याने दिलं. भाडेकरू होता एक चष्मेवाला, नुकतंच लग्न झालेला. आता एक किल्ली त्याच्याकडे आणि एक मालकाकडे. पण आईंचा नियम सुटला नाही. एरवीही त्या अधूनमधून तीन जिने चढून तिथे जायच्या, आणि दर वर्षी करार वाढवायच्या दिवशी चहा घेऊन किल्ल्यांची अदलाबदल करायच्या. "हिला विश्रांती, तिला काम. एकीला झिजवून दुसरीला मिरवू नये," असं म्हणायच्या. चष्मेवाल्याला ते इतकं आवडलं, की तो आपल्या चष्म्यांच्या दुकानातल्या कानशीही आळीपाळीने वापरू लागला.

मित्रांनो, माझ्या वाट्याची ती वर्षं मी कशी सांगू? सकाळी चष्मेवाल्याच्या खिशात, काचा पुसायच्या मऊ फडक्याशेजारी. संध्याकाळी त्याचा जिन्यावरचा पाय जड झाला, की मला कळायचं, आता आपली वेळ. मग कुलपात शिरायचं, एक पूर्ण फेरा, आणि खट्. आतून त्याच्या बायकोचा आवाज यायचा, "आलात?" मला वाटायचं, तो प्रश्न मलाही आहे.

मग एका थंडीत आई गेल्या.

पुढच्या वेळी करार दादांच्या घरी झाला. दादांच्या जेवणघरात एक खिळा आहे, त्यावर मी होते. चष्मेवाला आला, सही केली आणि खिशातून माझ्या बहिणीला काढून टेबलावर ठेवलं. मी खिळ्यावर सावरून बसले. हातभर अंतर होतं. चष्मेवाला गप्प बसून राहिला. दादांनी चष्मा कपाळावर चढवला, टेबलाकडे पाहिलं आणि किल्ली उचलून त्याच्याच हातात दिली. "अहो, किल्ली राहिली तुमची."

तो म्हणाला, "हो का. हो." आणि गेला.

पुढच्या वर्षीही असंच झालं. तेव्हा दादा वर आणखी म्हणाले, "विसरभोळे झालात राव. स्वतःलाच एक चष्मा बनवा." तिसऱ्या वर्षापासून चष्मेवाल्याने किल्ली टेबलावर ठेवणं सोडून दिलं.

त्या दिवसापासून मी खिळ्यावर आणि ती खिशात. माझा लाल दोरा विटून गुलाबी झाला. तिचा निळा दोरा तर कधीच गेला होता. त्याच्या जागी एक छल्ला आला होता आणि छल्ल्याला टिचभर पितळी चष्मा. तिला अलंकार आणि मला जळमट. वर्षातून एकदा ती दादांच्या घरी यायची, चष्मेवाल्याच्या खिशात खुळखुळायची, आणि माझ्या पोटात दुखायचं. ती दर वर्षी जास्त चकचकीत दिसायची. दाते गोल आणि मऊ, जसे बोलून बोलून माणसाचे शब्द होतात. माझे दाते अजून कारखान्यातल्यासारखे टोकदार. कुणी पाहिलं असतं तर म्हणालं असतं, ही केवढी जपून ठेवली आहे. मित्रांनो, जपलेली आणि विसरलेली यांत खिळ्यावरून फारसा फरक दिसत नाही.

माझ्या शेजारी एक कात्री लटकते. तिलासुद्धा रोज सकाळी दुधाची पिशवी कापायला खाली घेतात. मी कात्रीवरही जळायचे. एवढी वाईट अवस्था झाली होती.

या वर्षी धाकटी आली ती बॅग घेऊनच. तिच्या घरमालकाने घर विकायला काढलं होतं आणि चार महिन्यांत जागा रिकामी करायला सांगितलं होतं. तिला आता स्वतःचं घर हवं होतं, आणि त्यासाठी आईच्या घरातला तिचा हिस्सा. दादांनी दलालाला बोलावलं. माझ्या खिळ्याखालीच बैठक झाली.

दलाल म्हणाला, "घर रिकामं करून विकलंत तर उत्तम भाव. पण भाडेकरूचा करार संपायला अजून सहा महिने आहेत, तोवर थांबावं लागेल. भाडेकरूसकट विकायचं तर गिऱ्हाईक तयार आहे, लगेच. मात्र भाव खाली येणार."

"का खाली?" धाकटीने विचारलं.

"ताई, भाडेकरूसकट घर विकणं म्हणजे वर बसलेल्या माणसासकट सायकल विकणं. घेणारा आधी त्याचं वजन विचारतो."

"आणि बसलेल्यालाच विकली तर?"

दलालाने तोंड वाकडं केलं, कारण त्यात त्याचं काम संपतं. "विचारा. चष्मे विकून घर घेता येत असेल तर मी उद्यापासून चष्मे विकतो."

दादा म्हणाले, "त्याला विचारायची गरज नाही. घर रिकामं करायचं." हे ते जरा जास्तच पटकन म्हणाले.

"मधले दोन महिने मी कुठे राहू, दादा? चारात मला बाहेर काढतायत."

"माझ्याकडे राहा."

"तुझ्या बायकोने आधीच विचारलंय, किती दिवस आहात म्हणून."

त्यांचं हे चाललेलं असताना मी माझा हिशेब करत होते. भाडेकरूसकट घर विकलं, तर मी नव्या मालकाच्या खिळ्यावर जाईन आणि ती खिशातच राहील. चष्मेवाल्याने घेतलं, तर काय होईल ते मला तेव्हा सुचलं नाही. पण रिकामं करून विकलं, तर नवा माणूस आल्या आल्या कुलूपच बदलेल. मग आम्ही दोघी भंगारात. मी आणि ती, एकाच पिशवीत. टिचभर चष्म्यासकट.

मला दादांचं म्हणणं पटलं.

आता पुन्हा रविवारकडे येते. धाकटीच्या आग्रहाने दलालाच्या गिऱ्हाइकाला घर दाखवायचं ठरलं, आणि दादांनी चष्मेवाल्याला आदल्या दिवशी कळवलं होतं, गिऱ्हाईक घेऊन येतोय. त्याची बायको माहेरी गेली होती, दुपारी परतणार होती. तो म्हणाला होता, "या की. मी दुकानात असेन. तुमच्याकडे किल्ली आहेच." इतक्या वर्षांनी मला खिळ्यावरून काढलं, फुंकर मारली आणि खिशात टाकलं. जिना चढताना मी मनात एकच घोकत होते: आज कळेल, खरी कोण.

कळलंच. कुलपात शिरले आणि मला आतलं काहीच ओळखीचं लागेना. जिथे कडा होत्या तिथे उतार, जिथे खाच होती तिथे नुसतं पोकळ. जणू आपल्याच घरात कुणी सगळं सामान हलवून ठेवलं आहे. इतकी वर्षं ती एकटी त्या कुलपात फिरली होती. तिने कुलूप झिजवलं आणि कुलपाने तिला. दोघं एकमेकांच्या मापाचे झाले होते. मी मात्र मूळ मापाची राहिले, म्हणून परकी ठरले.

दादांनी चष्मेवाल्याला फोन केला. दुकान गल्लीच्या टोकालाच. तो अंगावरचा एप्रन न काढता धावत आला, हातात माझी बहीण. पण तिला जायला जागाच नव्हती, कारण भोकात मी होते. मित्रांनो, कित्येक वर्षांत पहिल्यांदाच मी आत होते आणि ती बाहेर. फार वेळ नाही, पण होते. त्या सुखाला तोड नाही.

"जोर लावू नका," चष्मेवाला दादांना म्हणाला. त्याने खिशातून पेन्सिल काढली, शिसं खरवडून त्याची भुकटी कुलपात फुंकली, आणि मला गोंजारत गोंजारत मागे आणलं. मग ती आत गेली. एक फेरा. खट्.

टायरवाल्यांनी घर झरझर पाहिलं. नळ सोडून पाहिले, छत पाहिलं. जाताना म्हणाले, "माणूस नीटनेटका दिसतोय. भाडेकरूसकट घेतो, भाव माझा. बुधवारी सांगा. आणि मला कुलपाला लागणारी किल्ली द्या. न उघडणारं घर घेऊन काय करू?"

दलाल आणि ते खाली उतरले तेवढ्यात चष्मेवाल्याची बायको पिशव्या घेऊन वर आली. दारातच दादांचा बांध फुटला.

"कुलूप बदललंत तुम्ही. मालकाला न विचारता. माझ्या दारात माझी शोभा केलीत."

चष्मेवाल्याने आम्हा दोघींना तळहातावर शेजारी शेजारी ठेवलं, क्रमांक वर करून. तोच क्रमांक, दोनदा. मग दाते दाखवले. आम्ही जुळ्या आहोत यावर कुणी विश्वास ठेवला नसता.

"आई असत्या तर हे झालं नसतं," तो म्हणाला. "त्या दर वर्षी किल्ल्या बदलायच्या. तुमच्या टेबलावर मी दोनदा किल्ली ठेवली. तुम्ही दोनदा परत दिलीत. मला वाटलं, तुम्हाला ते नको असेल. मालकाकडे मालकाची किल्ली मागायची म्हणजे बरं दिसत नाही."

"मला वाटलं तुम्ही विसरलात," दादा म्हणाले.

"मी ह्यांना म्हटलं होतं, तोंडाने सांगा," चष्मेवाल्याची बायको पिशव्या खाली ठेवत म्हणाली. "पण हे म्हणजे. दिवसभर लोकांना विचारतात, हे अक्षर दिसतंय का, ते अक्षर दिसतंय का. आणि स्वतःचं म्हणणं मात्र समोरच्याला आपोआप दिसेल असं ह्यांना वाटतं."

धाकटी हळूच म्हणाली, "मला माहीत होतं आईचं ते. मला वाटलं, दादा करत असेल."

दादा आत आले आणि उभेच राहिले. त्यांची नजर खोलीभर फिरली. मला वाटलं, फरशा मोजतायत. पण ते म्हणाले, "आई इथे आली की कुठे बसायची?"

चष्मेवाल्याच्या बायकोने खिडकीकडे बोट दाखवलं.

"माझ्याकडे राहायची," दादा म्हणाले, "आणि रमायची इथे. बसमध्ये बसवून द्यायचो मी तिला. माझ्याकडे खिडकीत कधी बसली नाही."

मित्रांनो, मी लोखंडाच्या कपाटाच्या, फाटकाच्या, तिजोरीच्या किल्ल्या पाहिल्या आहेत. पण माझ्यासारखं जळणारं कुणी मी त्या क्षणापर्यंत पाहिलं नव्हतं.

बायको म्हणाली, "अहो, तुमच्या खिडकीसमोर भिंत आहे ना. त्याच सांगायच्या. इथून त्यांना टाकीवरची कबुतरं दिसायची. बाकी गप्पा सगळ्या तुमच्याच. दादा अमुक म्हणाला, दादाने तमुक आणलं. आम्हाला तुमच्या मोज्यांचा रंगसुद्धा पाठ आहे."

दादा खिडकीपाशी बसले. बराच वेळ टाकीकडे बघत राहिले. कबुतर एकही नव्हतं.

चहा झाल्यावर धाकटीने सगळं सरळ सांगितलं. "मी काही संत नाही. मला चांगला भाव हवाय. मला माझा घरमालक बाहेर काढतोय, त्याला मी रोज शिव्या देते. तेच मी तुमच्याशी करायचं म्हटलं तर जीभ अडते. पण अडलेल्या जिभेने डोक्यावर छप्पर येत नाही."

चष्मेवाला आणि बायको यांनी एकमेकांकडे पाहिलं. "आम्ही घेतलं तर?" बायकोने विचारलं. "टायरवाल्यांपेक्षा वर जाऊ. रिकाम्या घराचा भाव नाही जमणार. पतपेढीला विचारावं लागेल."

"पतपेढी कधी सांगेल?"

"ते त्यांनाच विचारलेलं बरं."

दादा म्हणाले, "बुधवारपर्यंत बघा. मी बुधवारी टायरवाल्यांना उत्तर देणार आहे." मग म्हणाले, "ही किल्ली ठेवा तुमच्याकडे. घर कुणीही घेवो, लागणारी किल्ली द्यावीच लागेल. घासून त्या दुसरीच्या मापाची करता येईल?"

"येईल."

"पण अजून घासू नका. आईने दिलेली आहे. ठरू दे आधी."

त्यामुळे मी आता चष्मेवाल्याच्या दुकानात, काचा घासायच्या टेबलावर आहे. शेजारी ती आहे. इतकी जवळ की छल्ल्यातला चष्मा माझ्या अंगाला लागतो. आणि आता मला तो तिसरा हिशेब सुचला आहे. त्यांनी घर घेतलं, तर एक किल्ली त्याच्या खिशात आणि एक बायकोच्या पर्समध्ये. दोघींना रोज काम. पण त्यासाठी माझे दाते कानशीने उतरवून तिच्यासारखे करावे लागतील. जिच्यावर मी जन्मभर जळले, तिचीच नक्कल व्हायचं.

काल त्याने भिंग लावून दोघींना नीट पाहिलं. मग मान हलवून बायकोला म्हणाला, "हिची मान बघ. केसाएवढी चीर पडली आहे. आणखी एक हिवाळा निघणार नाही."

हिची म्हणजे तिची. खरं सांगते मित्रांनो, पहिल्यांदा मला आनंद झाला. मग मी तिच्याकडे पाहिलं. मी खिळ्यावर बसून जे तेज बघत होते, ते झिजणं होतं. मला विश्रांतीचा कंटाळा आला आणि तिला विश्रांती कुणी दिलीच नाही. आईंचा नियम माझ्या एकटीसाठी नव्हता. तरी अजून तो टिचभर चष्मा मला खुपतो. तो मलाही हवा आहे.

तुमच्या घरातही कुठे तरी एक खिळा असेल, एक तळाची चादर असेल, बोलवायचं राहून गेलेलं एक माणूस असेल. नुसतं जपून ठेवू नका. खाली काढा, वापरा, पुन्हा टांगा. आणि जे रोज हाताशी असतं, त्याला अधूनमधून खिळ्यावर बसू द्या. टेबलावर कुणी किल्ली ठेवून गप्प बसलं, तर ती लगेच परत करू नका. आधी विचारा, का ठेवली.

आज मंगळवार. दुपारी पतपेढीचा माणूस घर बघून गेला. जाताना चष्मेवाल्याने त्याला विचारलं, "काय वाटतं?" तो म्हणाला, "कळवतो." धाकटीचा दोनदा फोन येऊन गेला, दादांचा एकदा. दुकानाचं शटर अर्धं खाली आलं आहे. चिमट्यात मला बसवून ठेवलं आहे, कानस शेजारी आहे. अजून कुणी कानस उचललेली नाही.